शैली कोठून येते?

कुर्ल्याच्या हार्बर फलाटावरून सकाळी बोरीबंदरकडे निघणाऱ्या गाडीत चित्रकलेची एखादी विद्यार्थिनी हटकून असते. तिला ओळखावयास प्रयास पडत नाहीत. खांद्याला कागद गुंडाळून ठेवण्याचे लांबट नळकांडे, काखेत जाड पुठ्ठ्याची वही आणि बोटांच्या पेरांना कोळशाचा काळा डाग. बसावयास जागा मिळाली तर वही मांडीवर उघडते. न मिळाली तर दाराजवळच्या पत्र्याला पाठ टेकून उघडते. रात्रपाळी आटोपून परतणाऱ्या परिचारिकेची कलंडलेली मान, पिना-टिकल्यांचा पुठ्ठा घेऊन डब्यातून फिरणारी विक्रेती, संध्याकाळच्या गाडीत मेथीची जुडी निवडणारे हात, असे कितीतरी तिच्या वहीत उतरत असते. सुमारे पंधरा किलोमीटरचा हा प्रवास तिची पहिली चित्रशाळाच होय. याच मार्गावर, बोरीबंदर ते कुर्ला, 3 फेब्रुवारी 1925 रोजी हिंदुस्थानातील पहिली विजेची आगगाडी धावली होती. परंतु त्या गोष्टीचे तिला विशेष अगत्य असण्याचे कारण नाही. तिच्या मनात दुसराच प्रश्न घोळत असतो. या सगळ्या रेघांत माझी म्हणावी अशी रेघ कोणती?

हा प्रश्न वरवर पाहता लहान वाटतो, पण त्या वयात तो झोप उडवितो. वर्गातले शिक्षक चित्रासमोर उभे राहून विचारतात, ‘हे ठीक आहे, पण यात तुझे काय?’ घरी आई म्हणते, ‘अगं, निदान ओळखू येईल असे तरी काढ.’ प्रदर्शनात चित्र लावावयाचे तर हे कोणाचे ते दुरून कळले पाहिजे, असा आग्रह. आणि अलीकडे हातातल्या फोनवर चित्र पाहणाऱ्या अनोळखी लोकांचाही एक दरबार भरलेला असतो. त्या दरबाराला रोज नवे हवे असते, पण ते कालच्यासारखेच दिसणारे हवे असते! एवढ्या सगळ्यांच्या मागण्या पुरवाव्यात म्हणून एकोणिसाव्या-विसाव्या वर्षीच एखादी शैली ठरवून टाकण्याचा मोह पुष्कळांना होतो. कोणी सर्व माणसांच्या माना लांब काढू लागतो, कोणी सगळीकडे निळा रंगच वापरतो, कोणी डोळ्यांच्या जागी नुसती भोके ठेवतो. वर्षभरात वाहवा मिळते, आणि मग त्या लांब मानांतून सुटका होत नाही.

शैली हा शब्दच याबाबतीत पुष्कळ काही सांगून जातो. तो ‘शील’ या शब्दापासून आला आहे. शील म्हणजे स्वभाव, अंगवळणी पडलेले वर्तन. इंग्रजीतला ‘स्टाइल’ हा शब्द मेणाच्या पाटीवर लिहिण्याच्या टोकदार लेखणीच्या लॅटिन नावावरून आला. एका भाषेने स्वभावाकडे बोट दाखविले, दुसरीने हत्याराकडे. इच्छेकडे मात्र दोन्ही भाषांनी दाखविले नाही. आपण आजपासून अमुक शैलीचे व्हावे असे ठरवून कोणी तसा होत नाही, ही गोष्ट शब्द घडविणाऱ्यांना ठाऊक होती असे दिसते.

याचा रोकडा पुरावा प्रत्येक घरात आहे. बालवर्गातल्या सर्व मुलांना एकच कित्ता दिला जातो. ‘अ’ची वाटोळी पाठ, ‘क’चा पोटाकडचा वळसा, ‘र’ची शेपटी, सारे ठरलेले. सर्वांनी तेच गिरवावयाचे. शिक्षक चुकीच्या वळणावर लाल शाई ओढतात. असे असूनही आठवी-नववीत आल्यावर चाळीस वह्यांचा गठ्ठा समोर आला, तर वरचे नाव झाकूनही वही कोणाची ते शिक्षकाला सांगता येते. कोणाची अक्षरे उजवीकडे झुकतात, कोणाच्या काना-मात्रा ओळीबाहेर डोकावतात, कोणी शब्द इतका दाबून लिहितो की मागच्या पानावर ठसा उमटतो. यांपैकी एकानेही ‘माझे वेगळे वळण असावे’ असे म्हणून अभ्यास केलेला नसतो. हाताची ठेवण, घाई, आळस, टाकाची तऱ्हा, आणि रोजचे दहा पाने लिहिणे एवढ्यातून ते वळण घडलेले असते. उलट वळण मुद्दाम शोधणारा मुलगा सहसा आपल्या सहीवर सगळी मेहनत खर्च करतो. सही फर्डी होते. मजकूर तसाच राहतो.

तेव्हा कित्ता गिरविल्याने स्वत्व मरते, ही भीती सरसकट खरी नाही. मात्र ती सर्वस्वी खोटीही नाही, आणि याचे उदाहरण आपल्याच शाळांत सापडते. महाराष्ट्रात शासनाच्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट या रेखाकला परीक्षांना दरवर्षी मुलांचे थवे बसतात. त्यात वस्तू समोर ठेवून काढावयाचे चित्र असते, नक्षीकाम असते, भूमिती व अक्षरलेखन असते, आणि स्मरणचित्रही असते. स्मरणचित्र म्हणजे आपण पाहिलेला प्रसंग आठवून काढणे. यासारखा उत्तम विषय नाही. परंतु परीक्षेच्या आधी मुलांना तयार माणसे शिकविली जातात: एक पाठमोरी बाई, एक पिशवीवाला, एक फुगेवाला. मग विषय बाजाराचा असो, बसथांब्याचा असो की जत्रेचा असो, तीच तीन माणसे सर्व कागदांवर हजर होतात. कुर्ल्यातल्या मुलाचा बाजार आणि गडहिंग्लजच्या मुलाचा बाजार यांत मग काहीच भेद उरत नाही. कित्ता अक्षराचा असतो तोवर हात घडतो. कित्ता डोळ्यांवर चढला की पाहणेच थांबते. अनुकरणातला धोका काय तो एवढाच आहे, पण तो लहान नव्हे.

नक्कल करता करता मनुष्य स्वतःपर्यंत कसा पोहोचतो याचे सर्वांत बोलके उदाहरण चित्रकलेतले नसून गाण्यातले आहे. बेळगावजवळच्या सुळेभावी गावी 1924 साली जन्मलेला शिवपुत्र कोमकळी हा मुलगा मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्या जशाच्या तशा गाऊन दाखवीत असे. लोक चकित होत. कुमार गंधर्व ही पदवी त्याला बालपणीच मिळाली ती या अद्भुत अनुकरणाच्या बळावर. नक्कल हाच शैलीचा शत्रू असता तर हा मुलगा जन्मभर दुसऱ्यांच्या तबकड्याच वाजवीत राहावयास हवा होता. पुढे मुंबईस प्रोफेसर देवधरांच्या विद्यालयात त्याने गाण्याचे शिक्षण घेतले. 1948 मध्ये प्रकृतीसाठी तो देवासला गेला. क्षयाच्या आजारात काही वर्षे गाणे बंद पडले. बिछान्यावर पडल्या पडल्या कानांवर येत ती माळव्यातली लोकगीते, वाटेने जाणाऱ्यांची भजने. त्या आजारातून उठल्यावर जो कुमार गंधर्व गाऊ लागला, त्याच्यासारखा दुसरा गवई त्या काळात नव्हता, हे त्याच्या विरोधकांनाही मान्य करावे लागले. आधी दुसऱ्यांचे सर्व काही गळ्यात भरून घेतलेले, नंतर सक्तीची शांतता, आणि त्या शांततेत घराबाहेरचा आवाज. या तिन्हींपैकी एकही गोष्ट शैली शोधण्याच्या हेतूने घडलेली नाही.

आता ही विद्यार्थिनी बोरीबंदरला उतरते तेथे थोडे थांबू. आज त्या स्थानकाला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणतात. 1878 ते 1888 या काळात उभ्या राहिलेल्या या इमारतीच्या दगडांवर पाने, फुले, मोर, माकडे, चित्रविचित्र प्राणी कोरलेले आहेत. हे कोरीव काम सर जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातून झाले. ती शाळा 1857 मध्ये सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून निघाली. स्थानकापासून ती हाकेच्या अंतरावर आहे. म्हणजे रोज सकाळी ही मुलगी आपल्याच शाळेतल्या सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्यांच्या कामाखालून जाते. त्यांपैकी बहुतेकांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. त्यांनी आत्माविष्कार केला की नाही हे त्यांना कोणी विचारलेही नसेल. परंतु एखादे माकड लबाड दिसते, एखादे केवळ कंटाळलेले दिसते. नक्षीचा नमुना वरून आलेला असला तरी छिन्नी कोणाच्या तरी हातात होती.

त्याच काळात, 1872 पासून 1885 पर्यंत, शाळेचे जॉन ग्रिफिथ्स हे विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करीत होते. त्या नकलांपैकी कितीतरी नंतर लंडनच्या आगीत जळून गेल्या. वर्षानुवर्षांचे श्रम असे गेले हे वाचून आजही चुटपुट लागते. तरी पण त्या पोरांच्या मनगटात अजिंठ्याची रेषा उतरली होती, ती कशी जळणार? पुढे 1919 नंतर ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी एकीकडे जिवंत मनुष्य समोर बसवून चित्र काढण्याचा वर्ग सुरू केला आणि दुसरीकडे भारतीय पद्धतीच्या भित्तिचित्रांचा पुरस्कार केला. विलायती की देशी, हुबेहूब की आलंकारिक, हा वाद या शाळेच्या भिंतींना पाठ आहे. तेव्हा आजच्या विद्यार्थ्याला पडलेला ‘माझी शैली कोणती’ हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. एका संपूर्ण देशाने तो याच आवारात स्वतःला विचारला होता.

यावर कोणी म्हणेल की एवढे गिरविणे नि एवढी आज्ञाधारकता कशाला? शैली बंडातून येते. फ्रान्सिस न्यूटन सोझा याचे उदाहरण पुढे केले जाते. त्याला 1945 साली कलाशाळेतून काढून टाकण्यात आले आणि 1947 साली त्याने रझा, आरा, हुसेन, गाडे व बाकरे यांच्यासह प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. आक्षेप वजनदार आहे. नुसते मुकाट्याने सांगितलेले करणारा विद्यार्थी चांगला कारागीर होईल, अधिक काही होईलच असे नाही; शिक्षकाशी एकदाही न भांडलेला चित्रकार शोधूनच काढावा लागेल. पण या मंडळींकडे नीट पाहिले तर बंड सहाजणांनी मिळून केले आणि शैल्या मात्र सहा निरनिराळ्या निघाल्या. बंडाने त्यांना दार उघडून दिले. आत काय सापडावयाचे ते ज्याच्या त्याच्या आयुष्याने ठरविले. पंढरपुरात जन्मलेल्या हुसेनने मुंबईत सिनेमाचे भव्य फलक रंगविले. उंच परातीवर चढून, रुंद कुंचल्याने, ठरलेल्या मुदतीत चेहरा पुरा करावयाचा! त्याच्या पुढच्या चित्रांतली एका झपाट्यात ओढलेली जाड रेघ पाहताना ते फलक आठवल्यावाचून राहत नाहीत. आरा घरगडी म्हणून राबला होता. फुलदाण्या, भांडी, घरातल्या साध्या वस्तू यांवर त्याने जे प्रेम केले ते कोणत्या जाहीरनाम्यातून येत नसते.

आणि रझा? मध्यप्रांतातल्या शाळेत असताना या मुलाचे चित्त स्थिर व्हावे म्हणून त्याच्या गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे पाहावयास सांगितले होते. हा मुलगा पुढे नागपुरास शिकला, मुंबईस शिकला, 1950 मध्ये पॅरिसला गेला, निसर्गचित्रे काढली, रंगांचे नाना प्रयोग केले. जगाला ज्यामुळे त्याची ओळख पटते तो बिंदू त्याच्या चित्रांच्या मध्यभागी ठाण मांडून बसला तो 1980 च्या सुमारास, वयाची पंचावन्न वर्षे उलटून गेल्यावर. भिंतीवरचा ठिपका इतकी वर्षे वाट पाहत होता. विसाव्या वर्षी ज्यांना शैलीची घाई झाली आहे त्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

आत्माविष्कार या शब्दाचीही थोडी चौकशी केली पाहिजे, कारण तो फार सैल वापरला जातो. मनात येईल ते कागदावर फेकणे म्हणजे आत्माविष्कार, अशी समजूत आहे. पण विसाव्या वर्षी हा ‘आत्म’ म्हणजे तरी काय असतो? थोडे घरचे, थोडे मैत्रिणींचे, पुष्कळसे इतरांच्या चित्रांत पाहिलेले. म्हणूनच की काय, स्वतःला व्यक्त करावयास बसलेल्या वीस विद्यार्थ्यांची चित्रे चमत्कारिक रीतीने एकसारखी निघतात: एक उदास मुलगी, एक पिंजरा, एक उडता पक्षी. उलट त्याच वीसजणांना एक फुटका माठ दिला तर वीस माठ निघतात. कारण माठाकडे पाहताना प्रत्येकजण स्वतःला विसरतो, आणि विसरल्यावर जे कागदावर येते ते त्याचे असते.

कुर्ल्याच्या मुलीच्या बाबतीत तर ही गोष्ट अधिकच लागू आहे. ती राहते त्या भागाची तिला मनातून थोडी लाज वाटत असते. वर्गात कोणी राजस्थानी फेटे रंगवितो, कोणी कोकणातली कौलारू घरे. तिलाही तसेच काहीतरी ‘सुंदर’ हवे असते. पण तिच्या दाराशी काय आहे पाहा. 1886 साली जमशेटजी टाटांनी घेतलेली स्वदेशी मिल आणि तिचा कधीच थांबलेला भोंगा. भंगाराच्या दुकानांत रचलेले पत्र्यांचे डोंगर, ज्यांच्या गंजात तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत इतक्या छटा असतात की रंगांच्या दुकानात त्या नळीत भरून मिळावयाच्या नाहीत. येथल्याच प्रीमियर कारखान्यात तयार झालेल्या आणि ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून कायमच्या गेलेल्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी. 26 जुलै 2005 च्या महापुरात मिठी नदीने घराघरांच्या भिंतींवर ओढलेली चिखलाची रेघ, जिची उंची आजही मोठी माणसे हाताने दाखवितात. दुकानाच्या पाटीवर बुरसट कुंचल्याने ‘र’ला असा काही झोक देणारा रंगारी की पाटी वाचण्याआधीच त्याचा हात ओळखावा. हे सर्व सोडून तिने फेटे का काढावेत? फेटा काढण्यात पाप नाही. पण तो तिने पाहिलेला नाही, हे चित्रात दिसल्याशिवाय राहत नाही.

कुर्ला हे नाव येथल्या खाजणांत सापडणाऱ्या कुर्ल्यांवरून पडले असे सांगतात. कुर्लीचा देह वाढू लागला की जुने कवच तिला पुरत नाही. ती ते टाकते, काही काळ मऊ अंगाने दडून राहते, मग नवे कवच धरते. तयार शैली लवकर अंगावर चढविणाऱ्या विद्यार्थ्याची अडचण हीच की कवच कठीण होते आणि आतला जीव वाढावयाचा थांबतो. ते टाकून द्यावयास धैर्य लागते, विशेषतः त्या कवचाला एखादे पारितोषिक मिळालेले असले म्हणजे.

गेल्या काही वर्षांत या प्रश्नाला एक नवे टोक आले आहे. हव्या त्या चित्रकाराच्या शैलीत हवे ते चित्र क्षणभरात काढून देणारी यंत्रे आता घरोघरच्या फोनवर आली आहेत. मुले हबकली आहेत, आणि पालक त्यांहून अधिक. यंत्राला शैलीची साल अचूक सोलता येते यात शंका नाही. पण कोणत्या गोष्टीकडे पाहावयाचे, मेथी निवडणाऱ्या बाईचा चेहरा सोडून तिचे हातच का काढावयाचे, ही निवड त्याच्यापाशी आपण होऊन येत नाही; ती कोणीतरी त्याला सांगावी लागते. सांगणाऱ्याने आधी ती बाई पाहिलेली असावी लागते. ज्याच्यापाशी फक्त साल होती त्याचा धंदा मात्र धोक्यात आहे, हे लपविण्यात अर्थ नाही.

पोटाचा प्रश्न उरतोच, आणि घरची माणसे तो विचारतात यात त्यांची काही चूक नाही. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर 1890 मध्ये कलाशाळेत आले आणि 1931 पर्यंत त्याच आवारात राहिले. ‘कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे’ या 1940 च्या पुस्तकात त्यांनी ती हकीकत सांगितली आहे. नोकरी सांभाळून त्यांनी पुस्तकांसाठी, जाहिरातींसाठी, पोस्टकार्डांसाठी चित्रे काढली, आणि मुंबईच्या रस्त्यांवरची माणसे त्यांच्या या मागणीच्या कामातच सर्वांत जिवंत उतरली आहेत. प्रभाकर बरवे यांनी 1961 पासून सुमारे दोन दशके विणकर सेवा केंद्रात नोकरी केली. दिवसा हातमागाच्या कापडावरील नक्षी, आणि उरलेल्या वेळात स्वतःची चित्रे: घड्याळ, पान, शंख, रिकामी जागा. शिवाय ते सतत लिहीत असत. एखादी वस्तू दिसली, एखादा आकार सुचला की वहीत टिपण. त्या सवयीतूनच 1990 मध्ये ‘कोरा कॅनव्हास’ हे मराठीतले अपूर्व पुस्तक आले, आणि 2019 मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय कलादालनात त्यांच्या चित्रांबरोबर त्यांच्या वह्यांचेही प्रदर्शन भरले. वह्या पाहताना दिसते की चित्रात एकदम अवतरल्यासारखा वाटणारा आकार वर्षानुवर्षे पानांच्या कडेला चाचपडत होता.

म्हणून या विद्यार्थिनीच्या घरच्या माणसांनी एक गोष्ट अवश्य करावी. दिवाळीच्या सफाईत तिच्या जुन्या वह्या रद्दीवाल्याला देऊ नयेत. तीन-चार वर्षांच्या वह्या एकदा जमिनीवर ओळीने उघडून ठेवल्या तर तिला स्वतःलाच काही गोष्टी दिसतील: आपण चेहऱ्यांपेक्षा हात अधिक काढतो, डावीकडची बाजू नेहमी मोकळी सोडतो, पाठमोऱ्या माणसांपाशी अधिक वेळ रेंगाळतो. हे कोणी शिकविलेले नसते, तिने ठरविलेलेही नसते. कुर्ल्यातल्या दोन खोल्यांत जागेची अडचण असते हे खरे. पण खाटेखालच्या ट्रंकेत दहाबारा वह्या सहज मावतात, आणि डांबराच्या दोन गोळ्या टाकल्या म्हणजे त्या पुष्कळ वर्षे टिकतात.